फणस तिकडे, काजू इकडे

पासष्टाव्या वर्षी माणसानं डोंगर चढावा की नाही, यावर आमच्या घरात उघड उघड दोन तट पडले. एकीकडे आमची ही आणि तिनं साक्षीला उभा केलेला माझा उजवा गुडघा. दुसरीकडे मुलगी आणि जावई. हा वाद चालू होता तो ठाण्याच्या घरात नव्हे, तर ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरो शहरात, समुद्रापासून चार पावलांवरच्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये. जावयाची तिथं दोन वर्षांसाठी नेमणूक झालेली. 'आई-बाबा, एकदा येऊन जा' हा धोशा त्या दोघांनी सहा महिने लावला आणि गेल्या मार्चमध्ये आम्ही अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून तिथं थडकलो.

पहिल्या आठवड्यात पाहुण्यांना जे दाखवायचं असतं ते सगळं दाखवून झालं. मग मुलगी म्हणाली, "बाबा, शहराच्या ऐन मधोमध जंगल आहे. खरंखुरं वर्षावन. एका दिवसाची वाट आहे, बरोबर वाटाड्या असतो. जाऊ या?" मी मनाशी राणीच्या बागेच्या थोरल्या बहिणीचं चित्र काढलं आणि हो म्हणून बसलो. माहितीपत्रकात 'कठीण' असा शब्द होता. तो पोर्तुगीजमध्ये असल्यामुळं मला वाचता आला नाही. मुलीला आला, पण तिनं तो सांगितला नाही.

त्या रानाचं नाव तिजुका. लिहितात तिजुका, तिथले लोक म्हणतात चिझुका. १९६१ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याचा पसारा सुमारे चाळीस चौरस किलोमीटरचा आहे. चारी बाजूंनी शहर, मध्ये डोंगर आणि डोंगरांवर दाट हिरवं रान, अशी रचना. आम्ही मुंबई-ठाण्याची माणसं. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आम्हाला परकं नाही. तरीही कोपाकबानाच्या गर्दीतून निघून पाऊण तासात आपण अशा ओल्या अंधारात शिरतो, हे पचायला थोडा वेळ लागला.

आमची वाटाडी तिशीतली एक मुलगी होती, जीवशास्त्र शिकलेली. आठ जणांची टोळी. तिनं प्रत्येकाचे बूट पाहिले, पाण्याच्या बाटल्या मोजल्या आणि माझ्यापाशी येऊन मुलीला काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"तुमचं वय विचारते."

"काय सांगितलंस?"

"अठ्ठावन्न."

जन्मतारखेत खाडाखोड असलेले अर्ज मी तीस वर्षं परत पाठवले आहेत. त्या दिवशी मात्र गप्प बसलो.

सुरुवात एका धबधब्यापासून झाली. १८१६ मध्ये फ्रान्सहून आलेला तोने नावाचा चित्रकार याच्या शेजारी घर बांधून राहिला, म्हणून धबधब्याला त्याचं नाव. तिथून वाट चढू लागली आणि पहिल्या अर्ध्या तासातच राणीच्या बागेचं चित्र मी पुसून टाकलं. पायाखाली पायवाट कमी आणि मुळं जास्त. कुठं कुठं ती मुळंच पायऱ्या होतात. ओली, गुळगुळीत, पाय ठेवला की दगा देणारी. मार्च म्हणजे तिथला उतरता उन्हाळा, पावसाचे दिवस. हवा अशी की श्वास घ्यावा लागत नाही, गिळावा लागतो. झाडांच्या अंगाखांद्यांवर अननसाच्या पानांसारखी झुडपं बसलेली आणि त्यांच्या पानांच्या बेचक्यांत पावसाचं पाणी साठलेलं. वेली मनगटाएवढ्या. मध्येच एक निळं फुलपाखरू गेलं, तळहाताएवढं, दिव्याची काच चमकावी तसं. शहराचा आवाज कधी बंद झाला ते कळलंसुद्धा नाही. राहिला फक्त माझ्या धापेचा.

आणि तेवढ्यात तो वास आला.

कोकणात ज्याचा एक तरी मे महिना गेला आहे, त्याला हा वास सांगावा लागत नाही. मी थांबलो. मुलगी घाबरली, तिला वाटलं गुडघा. मी म्हटलं, "गुडघा नाही, फणस!" दहा पावलांवर वाटेच्या कडेला तो फुटून पडला होता. पिवळे गरे चिखलात, माश्या घोंगावताहेत आणि लांब शेपटीचा, टोकदार नाकाचा एक प्राणी त्यावर ताव मारतो आहे. त्याला तिथं क्वाती म्हणतात. वर पाहिलं तर फणसाचं झाड, बुंध्याला लेकुरवाळं. त्याच्या पलीकडे आणखी एक. उतारावर तर सगळी फणसाचीच रोपं, पन्हेरीत लावल्यासारखी दाट.

परदेशात गाववाला भेटल्यावर माणूस जसा उगाचच मोठ्यानं बोलू लागतो, तसं माझं झालं. मुलीला मध्ये घालून मी वाटाडीला सगळी माहिती दिली. कच्च्या फणसाची भाजी, आठळ्या, साठं, पोळी. बरका आणि कापा यांतला फरक सांगितला तेव्हा ती हसली. त्यांच्याकडेही 'मऊ फणस' आणि 'कठीण फणस' अशा दोन जाती मानतात म्हणे. नावसुद्धा आपल्याच किनाऱ्यावरून गेलेलं. मल्याळीतलं 'चक्का' पोर्तुगीजांच्या तोंडी 'जाका' झालं आणि झाडाबरोबर जहाजात बसून इथं आलं.

मग ती शांतपणे म्हणाली, "हे झाड आम्हाला नको आहे."

परदेशात भेटलेला गाववाला पोलीस चौकीत भेटावा, तसं वाटलं. पण तिचं म्हणणं बिनतोड होतं. फणस इथला नव्हे. इथल्या मातीत तो असा फोफावला की त्याच्या सावलीत इथली रोपं वर येत नाहीत. प्राण्यांना आयतं गोड खाणं मिळतं, ते आठळ्या रानभर पसरवतात आणि उतारच्या उतार फणसाचे होतात. म्हणून उद्यानाची माणसं त्याची रोपं उपटतात, मोठ्या झाडांच्या खोडाची साल गोलाकार काढून ती उभ्या उभ्या वाळवतात. एका बुंध्यावर तसं साल काढलेलं कडं मी पाहिलं. आपल्याकडे दाराशी फणस असणं हे भाग्याचं लक्षण. तिथं त्याच्यावर वॉरंट निघालेलं.

पुढच्या विश्रांतीला तिनं रानाची जन्मकथा सांगितली आणि ती ऐकताना मी खाली बसलो तो बराच वेळ उठलो नाही.

हे रान मुळात कापलं गेलेलं रान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिओच्या या डोंगरांवर कॉफीचे मळे होते. कॉफीला भाव येत होता, मळेवाल्यांनी उतार साफ केले. आणि डोंगर उघडे पडल्यावर झरे आटू लागले. शहराचं पिण्याचं पाणी याच डोंगरांतून येत होतं. रिओच्या रहिवाशाला 'कारिओका' म्हणतात, ते नावही इथूनच उतरणाऱ्या एका नदीचं. १८४० च्या दशकातल्या दुष्काळांत शहर तहानलं तेव्हा सरकारला जाग आली. मळ्यांच्या जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात झाली आणि १८६१ च्या डिसेंबरात सम्राट दुसरा पेद्रू याच्या राजवटीत हुकूम निघाला की, इथं पुन्हा रान लावा. कामावर नेमला गेला मेजर मानुएल गोमिस आर्शर. त्यानं १८७४ पर्यंत हजारो रोपं लावली. आसपासच्या शिल्लक रानातून रोपं आणायची, खांद्यावर वाहायची, खड्डे काढायचे, जगली नाहीत तर पुन्हा लावायची.

अर्थात आर्शरनं लावली म्हणजे आर्शरच्या माणसांनी लावली. सुरुवातीला त्याच्या हाताखाली सहा माणसं होती आणि ती सहाही गुलाम होती. एलेउतेरिओ, कोन्स्तांतिनो, मानुएल, मातेउस, लेओपोल्दो आणि मारिया. आडनावं नाहीत. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली १८८८ मध्ये, म्हणजे या कामानंतर चौदा वर्षांनी. ज्यांचा स्वतःच्या देहावर हक्क नव्हता, त्यांनी एका शहराला पाणी मिळवून दिलं. कॉफीचा नफा खाणारे वेगळे, रान परत लावणारे वेगळे. असा हिशेब जगात बहुधा असाच लागतो.

ही कथा ऐकताना मला एक म्हातारा आठवला. खरं तर तो मला अधूनमधून आठवतच असतो; पण इतक्या लांब येऊन भेटेल असं वाटलं नव्हतं.

१९९१ चं साल. मी तळकोकणातल्या एका शाखेत अधिकारी होतो, वय बत्तीस. आदल्याच वर्षी सरकारची फळबाग लागवडीची योजना आली होती आणि ज्या डोंगरउतारांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं त्यांना एकदम भाव आला होता. अनुदान सरकारचं, वरखर्चाला कर्ज बँकेचं. आंबा आणि काजू. आमच्या शाखेला उद्दिष्ट ठरवून दिलेलं आणि मी उद्दिष्ट पुरं करणाऱ्यांपैकी होतो. एका वाडीतल्या दोघा भावांनी आठ एकरांवर काजू लावायचा अर्ज केला. जागा पाहायला गेलो तर तो सगळा उतार रानाचा. किंजळ, ऐन, कुंभा, जांभूळ, मध्ये मध्ये रातांबे. खालून एक व्हाळ वाहत होता. मार्च महिना होता आणि व्हाळाला घोटाभर पाणी होतं, हे मला लख्ख आठवतं, कारण मी बूट काढून तो ओलांडला होता.

पोरं उत्साहात. बाप मात्र एका दगडावर बसून विडी ओढत होता. सही त्याचीही लागणार होती, जमीन त्याच्या नावावर होती. मी त्याला काजूचं गणित समजावून सांगितलं. वेंगुर्ल्याची सुधारित कलमं, कितव्या वर्षी पीक, हप्ता किती, हातात किती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला,

"सायबानू, काजी लावूक माजी ना नाय. पण ह्यां रान कोणी लावलेलां नाय. तां गेलां तर परत कोण लावतलो?"

या प्रश्नाला अर्जाच्या नमुन्यात रकाना नव्हता. मी हसून म्हटलं, "आजोबा, काजूपण झाडच ना?" पोरं हसली. म्हाताऱ्यानं सही केली. फक्त वरच्या अंगाचा दहा-बारा गुंठ्यांचा एक तुकडा, जिथं त्यांच्या राखणदाराचा दगड होता, तो त्यानं वगळायला लावला. क्षेत्र कमी भरतं म्हणून मी थोडा वैतागलोदेखील.

ते खातं शेवटपर्यंत नियमित राहिलं. एक हप्ता चुकला नाही. वसुलीच्या बैठकीत मी त्याचं उदाहरण देत असे. तीन-चार वर्षांनी बदली होण्याआधी एकदा तिकडे गेलो, तेव्हा रोपं कमरेएवढी झाली होती आणि उतार लाल दिसत होता. जानेवारी होता. व्हाळ कोरडा होता. मी बूट न काढता पलीकडे गेलो.

एका व्हाळाच्या आटण्याला एक आठ एकरांची बाग कारण, असं मी म्हणणार नाही. त्या वर्षांत आजूबाजूचे सगळेच उतार साफ झाले होते. पण त्यांतल्या कितीतरी उतारांच्या कागदांवर माझी सही होती. आणि हेही म्हणणार नाही, की त्या भावांनी चूक केली. त्या काजूवर त्यांची मुलं शिकली, मातीच्या भिंतींच्या जागी चिऱ्याच्या आल्या. पोटाला हवं असलेल्या माणसाला रानाचं महत्त्व शहरात पगार घेणाऱ्यानं शिकवू नये. माझं दुखणं वेगळं आहे. आमच्या ताळेबंदात काजूचं झाड पाचव्या वर्षापासून जमेला धरलेलं होतं. व्हाळ कुठंच धरलेला नव्हता. जी गोष्ट वहीत लिहिलेलीच नाही, ती बुडाली तरी नुकसान दिसत नाही.

आणि यातली गंमत पाहा. काजू मूळचा ब्राझीलचा! त्याचं नावही तिथल्या तुपी लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजांनी उचललं आणि गोव्यात आणून उतरवलं. म्हणजे त्यांच्या झाडानं आमचं रान खाल्लं आणि आमचं झाड त्यांचं रान खातंय. पोर्तुगीज जहाजांनी केलेली ही देवाणघेवाण चारशे वर्षांनी माझ्या खात्यावर अशी येऊन पडेल, हे मला कुठल्याच परीक्षेत कोणी शिकवलं नव्हतं. मी वाटाडीला काजूची ही हकिकत सांगितली. तिनं विचारलं, "मग तुम्ही काजूच्या खोडाची साल काढता का?" मी म्हटलं, "नाही, आम्ही त्याला कर्ज देतो."

यानंतरचा चढ हा खरा चढ होता. तिजुका शिखराची उंची हजार मीटरच्या थोडी वर. शेवटचा टप्पा म्हणजे उघडा कातळ. १९२० मध्ये बेल्जियमचा राजा आल्बर्ट भेटीला येणार म्हणून त्या कातळात शंभरावर पायऱ्या खोदल्या आणि धरायला लोखंडी साखळी लावली. हा राजा स्वतः कसलेला गिर्यारोहक होता. पुढं १९३४ मध्ये कडा चढतानाच पडून त्याचा अंत झाला. त्याला त्या पायऱ्यांची कितपत गरज होती कोण जाणे. मला होती. निम्म्या पायऱ्यांवर माझे पाय लटलटू लागले. खाली पाहू नये हे माहीत असून पाहिलं. साखळी इतकी घट्ट धरली, की पुढची पायरी चढायला ती सोडावी लागेल या विचारानंच घाम फुटला. वाटाडी मागून आली आणि शेजारच्या पायरीवर निवांत बसली. मला तिनं धीरबीर दिला नाही. "आठळ्या कशा खातात ते पुन्हा सांगा," एवढंच म्हणाली. मी सांगू लागलो. उकडायच्या, सोलायच्या, फोडणी द्यायची. फोडणीपर्यंत येईतो श्वास जागेवर आला होता. तिसऱ्यांदा विचारायच्या आत आम्ही वर पोहोचलो.

वरून सगळं रिओ दिसतं. ग्वानाबाराचा उपसागर, त्यावरचा लांबलचक पूल, माराकानाचं मैदान, डोंगरांच्या खाचांत चढत गेलेल्या गरिबांच्या वस्त्या. आणि शहरातून जो आकाशात उभा दिसतो, तो कोर्कोवादोचा ख्रिस्त इथून चक्क खाली दिसतो, पाठमोरा, बोटाएवढा. त्याच्या आणि आपल्यामध्ये सगळं हिरवं. एकही कॉफीचा मळा नाही.

हे दृश्य पाहून कोणालाही वाटेल, की बघा, कापलेलं रान परत येतं! मलाही वाटलं. आणि इथंच सावध व्हायला हवं. कारण हा युक्तिवाद मी पुष्कळ ऐकला आहे. रस्त्यासाठी, कारशेडसाठी, खाणीसाठी रान जाणार असलं की सांगितलं जातं, 'झाडं जातील, पण त्याच्या दुप्पट दुसरीकडे लावू.' २०१९ च्या ऑक्टोबरात मुंबईत आरेमध्ये रात्रीतून दोन हजारांवर झाडं पडली, तेव्हाही हाच दिलासा होता. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडं लावण्याचा संकल्प सोडला गेला. झाडं लावण्याला माझा विरोध असायचं कारण नाही. पण तिजुकाच्या रानाचा दाखला कोणी या कामी देऊ लागला, तर त्याला त्या रानाची पूर्ण पतपत्रिका दाखवायला हवी.

पहिली गोष्ट मुदतीची. १८६१ मध्ये सुरू झालेलं काम आहे, त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली आणि ते अजून पुरं झालेलं नाही. झाडं आली, पण प्राणी आले नाहीत. चहूकडून शहर असल्यावर ते येणार कुठून? तुकान पक्षी १९७० च्या सुमारास माणसांनी आणून सोडले. सशाएवढा अगुटी नावाचा प्राणी बिया जमिनीत पुरून ठेवतो, त्यातल्या काही विसरतो आणि विसरलेल्यांची झाडं होतात. तो नाहीसा झाला होता. २०१० च्या सुमारास त्याला पुन्हा सोडावं लागलं. २०१५ मध्ये मोठ्यानं ओरडणारी हाऊलर माकडं आणली. म्हणजे कर्ज घेतलं कॉफीवाल्यांनी, आणि त्यांच्या सातव्या-आठव्या पिढीच्या वयाची पोरं अजून हप्ते फेडताहेत. आमच्या बँकेत इतक्या मुदतीचा अर्ज कोणी मंजूर केला नसता.

दुसरी गोष्ट भांडवलाची. आर्शरच्या माणसांनी लावलं ते मोलाचं. पण त्या डोंगरांवरचं पुष्कळसं रान कोणी न लावता आलं आहे. मळे हटले, कुऱ्हाड थांबली, आणि कडेकपारींत जे मूळ रान शिल्लक होतं, त्याच्या बिया वाऱ्यानं, पाखरांनी पसरल्या. आर्शरनं रोपं आणली तीदेखील अशाच शिल्लक तुकड्यांतून. ते तुकडेच नसते, तर हुकूम काढूनही रान आलं नसतं. मुद्दल शिल्लक असेल तरच व्याज चढतं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ती आपल्या अगदी घरची. ज्या वर्षांत रिओ आपल्या डोंगरांवर रान लावायला निघालं, नेमक्या त्याच वर्षांत मुंबईही तहानलेली होती. विहार तलावाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं, १८६० मध्ये तलाव तयार झाला. १८७९ मध्ये तुळशी. तलावात पाणी यायचं तर भोवतीचे डोंगर राखायला हवेत, म्हणून ते राखले गेले, आणि बोरिवलीच्या आजच्या उद्यानाचा गाभा त्या राखलेल्या डोंगरांचा आहे. रिओला जे घालवून परत मिळवावं लागलं, ते आपल्याला आयतं राखायला मिळालं. राखणं हे लावण्यापेक्षा फार स्वस्त पडतं. दुर्दैवानं राखण्याचा फोटो निघत नाही. खड्ड्यापाशी उभं राहून रोपाला हात लावलेल्या पाहुण्यांचा निघतो.

माझी मागणी फार मोठी नाही. झाडं किती लावली हा आकडा जाहीर करण्याऐवजी दहा वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी किती उभी आहेत, हा आकडा जाहीर करावा. बँकेत कर्जवाटपाच्या आकड्यावर कोणी भुलत नाही, विचारतात ती वसुली. उतार साफ करण्यापूर्वी त्याच्या खालचे झरे-व्हाळ कागदावर लिहावेत, कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असतं त्यासह. आणि गावोगाव ज्या देवराया, जी बेणी, जे राखणदाराचे तुकडे अजून शिल्लक आहेत, त्यांना हात लावू नये. ते उद्याचं बियाणं आहे. यातल्या कशालाही परदेशी तज्ज्ञ लागत नाही. एक म्हातारा विडी ओढत हेच सांगत होता.

परत आल्यावर मे महिन्यात मी त्या वाडीत गेलो. तीस वर्षांनी. म्हातारा कधीच गेला होता. धाकटा मुलगा घरी होता. केस माझ्याइतकेच पांढरे. त्यानं मला ओळखलं, काजूगर पुढं ठेवले. थोरल्याची मुलं मुंबईला, याचा एक गोव्यात. काजी आता म्हाताऱ्या झाल्या, मजूर मिळत नाहीत, वरचं अंग चार-पाच वर्षं तसंच पडलं आहे, असं तो म्हणाला. आम्ही वर गेलो. गुडघ्यानं तक्रार केली, पण तिजुकाची साखळी आठवून तो गप्प बसला.

राखणदाराचा तुकडा जागच्या जागी होता. गच्च, काळोखा. आणि त्याच्या कडेनं, पडीक काजूंच्या पहिल्या दोन-तीन ओळींत, रोपं वर आली होती. मी खाली वाकून पाहिलं. किंजळ होती, जांभूळ होतं, रातांबा तर कमरेएवढा झाला होता. कोणी लावलेलं नव्हतं.

"ह्यां आता साफ करूक व्हयां," तो म्हणाला. "गडी गावले की करतंय."

मी म्हटलं, "दोन-चार वर्षं राहू द्या की. बघा तर काय होतं."

तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मग मोठ्यानं हसला. "सायबानू, तेव्हा तुमीच सांगितलास साफ करा. आता तुमीच सांगतास ठेवा!"

मीही हसलो. दुसरं काय करणार? त्याचं म्हणणं कागदोपत्री सिद्ध होतं, खाली माझी सही होती. निघताना व्हाळ लागला. कोरडाच होता. पण मे महिना होता, तेव्हा त्यावरून काही ठरवता येणार नाही. येत्या जानेवारीत पुन्हा जाऊन बघायचं ठरवलं आहे.